विमानात चढण्याआधीच बिघडतो केशर आंबा: ताजा आणि फ्रोझन माल परदेशी पाठवताना या चुका टाळा

मुंबईहून दुबईचं विमान तीन-साडेतीन तासांचं, लंडनचं नऊ-दहा तासांचं. जालन्याच्या बागेतून उतरलेला आंबा विमानात चढेपर्यंत मात्र दोन-तीन दिवस सहज जातात. तरी पलीकडून काळ्या पडलेल्या मालाचे फोटो आले की पहिला ठपका एअरलाइनवर. घोटाळा बहुतेक वेळा जमिनीवरच झालेला असतो, आणि त्यातला बराचसा मुंबईच्या अलीकडे.

गरम माल एसी गाडीत भरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर. अकरा-बाराला उतरवलेला केशर हाताला कोमट लागतो. तो तसाच पेट्यांत भरून रिफर गाडीत, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या ट्रकमध्ये, घालतात आणि विचारलं तर उत्तर तयार असतं, "गाडी एसीची हाय की भाऊ!" गाडीचं ते यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं. गरम माल थंड करायची ताकद त्यात नसते.

केबिनमधला डिस्प्ले १३ अंश दाखवतो तो गाडीतल्या हवेचा आकडा. मधल्या थरातली एक पेटी उघडा, सुईचा थर्मामीटर आंब्यात कोयीला टेकेपर्यंत खुपसा आणि मिनिटभर थांबा. तिथे पंचवीस-तीस दिसलं तर ती गाडी समृद्धीवरून कितीही वेगाने गेली तरी उपयोग नाही, आंबा आतून पिकायला लागलेला असतो. (एक आंबा वाया जातो म्हणून ही तपासणी टाळणारे लोक आहेत. चारशे पेट्यांच्या मालात एक आंबा!)

तोडणी सकाळी ऊन चढायच्या आत, झेल्याने (काठीला जाळी बांधलेलं आंबे उतरवायचं साधन), तीन-चार सेंटिमीटर देठ ठेवून. माल सावलीत ठेवायचा, देठ नंतर कापून आंबा पालथा करून चीक पूर्ण निथळू द्यायचा. मग हवा खेचणाऱ्या प्री-कूलिंग खोलीत आतलं तापमान १२-१३ अंशांवर आणायचं. साध्या कोल्ड रूममध्ये रचून ठेवलेल्या पेट्यांच्या पोटातला माल रात्रभरातही नीट गार होत नाही. पेट्यांची भोकं एकासमोर एक आली पाहिजेत, आणि ब्रँडचा स्टिकर नेमका त्याच भोकांवर चिकटवू नका. हे पॅकहाउसमध्ये सर्रास चालतं.

जास्त थंडी म्हणजे जास्त टिकाऊ, हा समज

आंबा आणि सीताफळ ही उष्ण प्रदेशातली फळं. १०-१२ अंशांखाली काही दिवस राहिली की थंडी बाधते. सीताफळाची साल काळी पडते. आंब्यावर राखाडी डाग आणि बारीक खड्डे येतात, तो नीट पिकत नाही आणि पिकला तरी सपक लागतो.

ही चूक बरेचदा एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर, होते. फॉरवर्डरला (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) 'कोल्ड ठेवा' एवढंच सांगितलं की तो सीओएल हा कोड टाकतो. त्याचा अर्थ २ ते ८ अंश. विमानतळावरचा माणूस बिचारा कागदावर लिहिलंय तेच करतो. ताज्या फळांसाठी पीईपी हा कोड असतो, आणि हाताळणीच्या रकान्यात नेमके अंश लिहून घ्या. जेल पॅक आंब्याला थेट टेकवू नका, मध्ये पुठ्ठा हवा. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) तर ताज्या फळांच्या आसपासही नको.

डाग कसला ते ओळखता आलं तर भांडण अर्धं मिटतं. देठाकडून खाली ओघळलेला तपकिरी पट्टा म्हणजे चीक, दोष तोडणीचा. पिकताना उमटणारे काळे ठिपके करपा या बुरशीच्या रोगाचे, ते बागेतूनच आलेले असतात. देठाभोवती मऊ काळं वर्तुळ म्हणजे देठकूज. राखाडी खड्डे तेवढे थंडीचे.

फ्रोझन माल विमानाने पाठवण्याचा हट्ट

बीडच्या सीताफळाचा गर हा उणे १८ अंशांचा माल. माझं स्पष्ट मत, नमुना किंवा छोटी महाग ऑर्डर सोडली तर तो समुद्रमार्गे रिफर कंटेनरनेच जावा. विमानात हिशेब बसत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायची, आलेला आकडा आणि खरं वजन यांत जे जास्त त्याचं भाडं. ६० बाय ४० बाय ४० चा थर्माकोल बॉक्स १६ किलोचा धरला जातो. आत गर आठ किलो असला तरी.

तरीही पाठवायचाच असेल तर जेल पॅकवर विसंबू नका, साधा जेल पॅक शून्याच्या आसपास वितळतो. ड्राय आइस लागतो. तो उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो आणि एका किलोतून पाचशे लिटरच्या वर वायू निघतो, म्हणून बॉक्स चहूबाजूंनी टेप मारून हवाबंद करणं धोक्याचं. बॉक्सवर यूएन १८४५ हा ड्राय आइसचा क्रमांक, धोकादायक मालाचं क्लास ९ चं लेबल आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन किलोत हवं. हे एअरलाइनला बुकिंगच्या वेळीच सांगा, एका विमानात किती ड्राय आइस न्यायचा याला मर्यादा असते.

माल वाटेत वितळून पुन्हा गोठला का, हे पाकिटावरून कळतं. मूळचं पाकीट सपाट आणि सारख्या जाडीचं असतं. वितळून गोठलेलं एका बाजूला फुगतं, कोपऱ्यात बर्फाचे मोठे खडे दिसतात आणि गर तपकिरी झालेला असतो.

माल तयार, कागद अर्धे

मराठवाडा केशरला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे म्हणून क्वारंटाइनवाले, म्हणजे कीड-रोग तपासणारे अधिकारी, सूट देत नाहीत. प्रत्येक देशाची कीड मारायची प्रक्रिया वेगळी. अमेरिकेसाठी विकिरण प्रक्रिया लागते, किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), आणि त्याची सोय वाशी आणि लासलगावला आहे. जपानसाठी वाफेची प्रक्रिया, ४७.५ अंशांवर २० मिनिटं. युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर. फळमाशीमुळे युरोपने मे २०१४ मध्ये आपला आंबा बंद केला होता, तो २०१५ मध्ये उघडला, तेव्हापासून तिकडे तपासणी कडक आहे. आंबा उतरवल्यावर 'कुठल्या देशाला पाठवू' असा विचार करून चालत नाही. बागेची मँगोनेटवर (निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदणीवर) नोंद हंगामाआधी आणि प्रक्रियेचा स्लॉट तोडणीआधी. गरम पाण्यातून निघालेला आंबा पुन्हा गार केल्याशिवाय पेटीत भरू नका.

बाकी कागदांत घोळ होतो तो आकड्यांचा. इनव्हॉइसवर ४०० पेट्या, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावर ३९८, कारण दोन पेट्या तपासणीत गेल्या. एवढ्यावरून माल अडतो. लाकडी पॅलेट (पेट्या रचायची फळी) असेल तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का तपासा.

वार न बघता बुकिंग

अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते, सौदी, कुवेत, कतारमध्ये शुक्रवार-शनिवार. सुट्टीच्या तोंडावर उतरलेला माल आखाती उन्हाळ्यात गोदामात पडून राहतो. स्वस्त भाड्यासाठी दोन ठिकाणी विमान बदलणारा मार्ग घेणंही तसंच, दर वेळी पॅलेट धावपट्टीशेजारी उन्हात थांबतं. थेट विमान घ्या, ते नसेल तर पॅलेटवर थर्मल ब्लँकेट तरी टाका.

पुरावा न ठेवणे

डेटा लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, दाराजवळच्या पेटीत नको, पॅलेटच्या मधल्या पेटीत ठेवा, आणि त्यातली लिथियम बॅटरी एअरलाइनला चालते का ते आधी विचारा. खराब मालाची लेखी तक्रार एअरलाइनकडे माल ताब्यात आल्यापासून १४ दिवसांच्या आत जावी लागते, उशिराची २१ दिवसांत. फोनवरचं बोलणं धरत नाहीत. फळ मुळातच नाशवंत होतं असं म्हणून एअरलाइन हात झटकू शकते. तेव्हा लॉगरचा आलेख, गाडी भरतानाचं कोयीपर्यंतचं तापमान आणि पेटी उघडतानाचे लॉट नंबर दिसणारे फोटो, हे तिन्ही एकत्र जोडून पाठवा. खरेदीदारालाही आधीच सांगून ठेवा, माल उतरवून घेताना खराब दिसला तर पावतीवर 'खराब' असा शेरा लिहिल्याशिवाय सही करू नको.