कॉकपिटमध्ये वास आला की आधी मास्क

टाइप रेटिंगला (एका विशिष्ट प्रकारचं विमान उडवायच्या परवान्याच्या प्रशिक्षणाला) बसलेली नवी मुलं इंजिन बंद पडण्याचा सराव मन लावून करतात आणि धुराचा उरकून टाकतात. माझ्या मते हे उलटं हवं. इंजिन गेलं तर विमान स्वतःच ओरडून सांगतं. धुराची पहिली खबर बऱ्याचदा नाकालाच लागते, आणि नाक फसवतं: थोड्या वेळात ते वासाला सरावतं, आणि वाटतं की वास कमी झाला.

जळक्या वायरचा वास उग्र असतो. मळक्या मोज्यांसारखा कुबट वास आला तर इंजिनाचं तेल केबिनच्या हवेत मिसळल्याचा संशय घ्यायचा. कधी गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) ओव्हनमध्ये नुसतं जेवण करपलेलं असतं. केबिन क्रूला जरूर विचारा, पण ऑक्सिजनचा मास्क चढवून मग.

मी एअरबस ए३२० हे प्रवासी विमान उडवतो. मास्क बाजूच्या डब्यात असतो. लाल चिमटे दाबून ओढला की पट्ट्यांत ऑक्सिजन भरून त्या फुगतात. डोक्यावरून घेऊन चिमटे सोडले की मास्क घट्ट बसतो. एका हाताने, पाच सेकंदांत जमलं पाहिजे. मास्कवरचा खटका १०० टक्के ऑक्सिजनवर हवा, नाहीतर केबिनची हवाही मिसळून येते. धूर असेल तर 'इमर्जन्सी'चा नॉब फिरवा. मग दाबाने ऑक्सिजन येत राहतो आणि कडेतून धूर आत शिरत नाही. दाढी असेल तर कडा नीट बसतात का, चष्मा असेल तर तो आत मावतो का, हे जमिनीवरच बघून ठेवा. उड्डाणापूर्वीची मास्कची चाचणी ही हजेरी लावल्यासारखी करू नका. स्पीकरवर ऑक्सिजनचा फुसकारा ऐकू यायला हवा, पिवळा ब्लिंकर (ऑक्सिजन वाहतोय हे दाखवणारी खूण) क्षणभर दिसायला हवा.

मास्क लागला की खरी पंचाईत सुरू होते: बोलणं. सिम्युलेटरमध्ये खोटा धूर सोडतात तेव्हा चेकलिस्टपेक्षा जास्त गोंधळ इंटरकॉमचा होतो. कानात दोघांच्या श्वासांची घरघर, मध्येच एटीसी, म्हणजे जमिनीवरचे हवाई वाहतूक नियंत्रक. म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा: "सर, ऐकू येतंय का?" उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. विमान कोण उडवतोय आणि चेकलिस्ट कोण वाचतोय, हेही मोठ्याने बोलून घ्या.

२ सप्टेंबर १९९८ ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअर १११ हे एमडी-११ प्रकारचं प्रवासी विमान कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. पहिल्या वासापासून शेवटापर्यंत जेमतेम २१ मिनिटं. छतामागे वायरमध्ये ठिणगी उडाली आणि इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला. वैमानिकांना तो एअर कंडिशनिंगचा धूर वाटला, आणि इंधन टाकून वजन कमी करण्यासाठी ते समुद्राकडे वळले. तपासात असंही निघालं की ते थेट हॅलिफॅक्सकडे गेले असते तरी बहुधा वेळेत उतरता आलं नसतं. म्हणून त्यांना नावं ठेवू नका. पण तेव्हापासून उगम शोधत बसण्याआधी उतरायची तयारी सुरू करा, हा विचार चेकलिस्टमध्ये पक्का झाला.

३ सप्टेंबर २०१० ला दुबईत कोसळलेलं, यूपीएस या कुरिअर कंपनीचं यूपीएस ६ मला जास्त अस्वस्थ करतं. मालवाहू बोइंग ७४७, लिथियम बॅटऱ्यांचा माल, आग. दोहा जवळ होतं, तरी ते दुबईकडे परतले. कॅप्टनच्या मास्कचा ऑक्सिजन बंद पडला. फर्स्ट ऑफिसर एकटाच, समोरची उपकरणंही न दिसता, विमान उडवत राहिला. 'जवळचा विमानतळ' म्हणजे ओळखीचा नव्हे, नकाशावरचा.

नागपूरवरून जाताना मुंबईचा मोह झाला, तरी उतरायचं नागपूरलाच. मेडे (रेडिओवरची जीव धोक्यात असल्याची हाक) द्यायला लाजू नका. नंतर मागे घेता येतो. उडालेला सर्किट ब्रेकर परत दाबू नका. प्रवाशांचे मास्क धुरासाठी सोडायचे नाहीत: त्यांत केबिनची हवाही येते, म्हणून उपयोग नाही, आणि आगीला ऑक्सिजन मिळतो. धूर फारच दाटला तर तो बाहेर काढण्याची वेगळी चेकलिस्ट आहे. तिच्यात कमी उंचीवर येऊन, केबिनचा दाब काढून, वेग कमी करून शेवटचा उपाय म्हणून कॉकपिटची बाजूची खिडकी उघडायची असते. ही खिडकी सरकवायला किती जोर लागतो, ते विमान पार्किंगला उभं असताना परवानगी घेऊन एकदा हाताने करून बघा.