नाताळला आणि नाताळनंतर माणसं धरून कशी ठेवायची

डिसेंबर लागायच्या आधी एक काम करा. कागद घ्या आणि गेल्या नाताळपासून ज्यांच्या घरी आपलं एकदाही जाणं झालं नाही त्यांची नावं लिहा. फोनवर बोलणं झालं असेल ते धरायचं नाही, फक्त जाणं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चौदा नावं निघाली आणि त्यात माझे सख्खे मामा होते, जे आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. रोज त्यांच्या दारावरून भाजीला जात होते मी, आणि वर्षभर आत पाय टाकला नव्हता. तर हा कागद फ्रीजवर लावा, नाताळचं सगळं त्यावरून ठरवायचं.

आमच्याकडं जालन्याला नाताळ म्हणजे दिवाळीसारखाच फराळ असतो, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे, आणि सोबत केक. बहुतेक घरात काय होतं की सगळा फराळ २४ तारखेपर्यंत डब्यात बंद राहतो आणि २५ ला चर्चमधून आल्यावर जो येईल त्याच्यासमोर प्लेट ठेवायची. म्हणजे जो येतो त्यालाच मिळतं आणि जो येत नाही तो तसाच राहतो. त्यापेक्षा पहिला घाणा निघाला की त्यातूनच चार-पाच डबे भरा आणि कागदावरच्या घरी १८-२० तारखेलाच पोचवा. तेव्हा कुणाच्या घरी गर्दी नसते, माणूस निवांत बसतो, बोलतो. आणि डबा स्टीलचा द्या, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फेकून द्यायच्या बॉक्समध्ये अजिबात देऊ नका. स्टीलचा डबा परत करावा लागतो आणि आपल्याकडं रिकामा डबा कुणी परत करत नाही, साखर तरी घालतील. शेजारच्या काकूंनी मागच्या वेळी आमच्या डब्यात हरभऱ्याचा ढाळा खोचून दिला होता, झाकण लागत नव्हतं म्हणून वरून रुमाल बांधलेला, तो सोलत आम्ही दोघी ओट्यावर तासभर बसलो आणि त्या तासात त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं मला कळलं जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ज्या घरात यंदा कुणी वारलंय त्या घरी सगळ्यात आधी जायचं. लोक इथंच चुकतात, त्यांना वाटतं की दुःखाच्या घरी सणाचं काय न्यायचं, म्हणून टाळतात, आणि त्या माणसाला वाटतं सगळ्यांनी सोडलं. आपल्याकडं दुःखाच्या घरात पहिल्या सणाला गोड करत नाहीत, पाहुणे येऊन करतात, तीच पद्धत नाताळलाही लावा. माझी मावशी काका गेल्यावर म्हणाली होती की यंदा स्टार लावणार नाही. आम्ही काही समजावलं नाही, संध्याकाळी डबा घेऊन गेलो, लेकरांनी पाणी भरलं, मी चहा ठेवला, आणि मग काकांचंच बोलणं काढलं, ते कॅरलला, म्हणजे नाताळच्या गाण्यांना, ढोलकी कशी वाजवायचे ते. हे महत्त्वाचं आहे, गेलेल्या माणसाचं नाव मुद्दाम काढा, त्याच्याबद्दल गप्प बसू नका. मावशी रडली पण खूप वेळ बोलली, आणि निघताना तिनंच माळ्यावरचा स्टार काढायला लावला.

आता भांडण असलेलं घर. हे अवघड आहे, मला माहितीय, कारण माझ्या आणि माझ्या भावाच्या मध्ये प्लॉटवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी जे शिकले ते सांगते. एक, नाताळच्या दिवशी जायचं नाही, त्या दिवशी त्यांच्याकडं चार पाहुणे असतात आणि सगळ्यांसमोर माणूस ताठतो. आदल्या आठवड्यात जा. दोन, लेकरांना सोबत न्या, लेकरांचं एकमेकांशी काही भांडण नसतं. तीन, वादाचा विषय अजिबात काढायचा नाही, माफी पण लगेच मागायची नाही आणि मागायलाही लावायची नाही. मी गेले तेव्हा दार वहिनीनं उघडलं, दोघी नुसत्या बघत राहिलो, आणि मी चप्पल काढायला वाकले तर ती म्हणाली, "राहू द्या ताई, फरशी लई गार पडलीय." बस, एवढंच. भाऊ आतून आला, "कधी आलीस?" म्हणाला, मी म्हणलं आत्ताच, आणि वीस मिनिटं बसून मी उठले. वीस मिनिटंच बसा पहिल्यांदा, जास्त बसलं की जुनं निघतं. प्लॉटचं आमचं अजून मिटलेलं नाही, त्यासाठी वेगळा दिवस आणि मध्ये एक मोठं माणूस लागतं, पण संक्रांतीला माझा डबा तिळगूळ घालून परत आला आणि तो भाऊ स्वतः घेऊन आला.

पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांना बोलवायचं असेल तर ऑक्टोबरमध्येच बोलवा. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ डिसेंबरचं तिकीट २५ ऑक्टोबरला, आणि देवगिरी, नंदीग्राम या गाड्यांना त्या आठवड्यात नंतर काही मिळत नाही. "या की नाताळला" असं डिसेंबरमध्ये म्हणणं म्हणजे न बोलावल्यासारखंच आहे. तारीख सांगा, तिकीट काढलं का म्हणून परत विचारा, आणि आल्यावर त्यांना पाहुणा करून सोफ्यावर बसवू नका. माणसाला कामाला लावलं की तो घरचा होतो, शंकरपाळे कापायला द्या, स्टारची वायर जोडायला द्या.

ते सगळे जमलेत तोवर म्हाताऱ्या माणसांकडून घराण्याची गोष्ट काढून घ्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं, हे इथं बऱ्याच जणांना माहितीय, पण आपले खापरपणजोबा कुठून आले, कुणाच्या ओळखीनं आले, मुली कुठं दिल्या हे कुठंच लिहिलेलं नसतं, ते फक्त आजीच्या डोक्यात असतं. "तुमच्या लहानपणी नाताळला काय खायचात?" इथून सुरू करा, नावगाव विचारत बसू नका, खाण्यावरून माणूस आपोआप माणसांवर येतो. आणि बोलताना मध्येच "अहो हे मागं सांगितलं" असं म्हणू नका, दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी नवीन निघतंच.

दोस्तांचं जरा वेगळं आहे. दोस्तांना नाताळला बोलवा, पण त्यांच्या सणाला गेलात तरच ते खरं होतं. माझी एक मैत्रीण लातूरकडं दिलीय, तिच्या सासरी वेळ अमावस्या असते, शेतात जाऊन जेवायचा सण, आम्ही येळवस म्हणतो, ती नाताळच्या आसपासच पडते, २०२४ ला ३० डिसेंबरला होती, २०२५ ला १९ ला. ती नाताळला माझ्याकडं येते आणि मी येळवशीला तिच्या शेतात जाते, कडब्याच्या कोपीपुढं पंगत, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि त्या दिवशी तिथं वाटेनं जाणाऱ्याला सुद्धा बोलावून जेवू घालतात. मग जानेवारीत हुरडा, मग ईद असली की तिसऱ्या मैत्रिणीकडं शीरखुर्मा. अशी साखळी केली की दर दोन महिन्यांनी भेट होते, त्यासाठी वेगळं "कधीतरी भेटू" म्हणावं लागत नाही.

बीडकडची आमच्या शाळेतली एक जण आहे, ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि सगळा नाताळ, संक्रांत तिकडंच जाते. अशा माणसाला फोन लावून उचलला नाही म्हणून सोडू नका, गाडी भरायची वेळ रात्री-बेरात्री कधीही येते. व्हॉइस मेसेज टाका, दोन मिनिटांचा, लेकरांचा आवाज पण घाला त्यात. आलेले शुभेच्छांचे फोटो पुढं ढकलू नका, त्याचं उत्तर म्हणून पण कुणी काही बोलत नाही. तिनं मला एकदा फडातून उत्तर पाठवलं होतं, मागं कोयत्याचा आवाज आणि ती म्हणत होती, "काय करायलीस गं, फराळ झाला का?"

३१ च्या रात्रीची उपासना झाली, फराळ संपला, की खरं काम सुरू होतं. १ जानेवारीला नवीन कालनिर्णय भिंतीवर लागतं तेव्हा लगेच पेन घेऊन बसा. वाढदिवस तर फोन सांगतो, त्यामुळं दुसऱ्या तारखा लिहा, मावशीकडचे काका गेले ती तारीख, काकूंच्या ऑपरेशनची तारीख, भाच्याची बारावीची परीक्षा, ऊसतोडीवाली मैत्रीण गावी परत येते तो महिना. आणि फ्रीजवरचा कागद काढून त्यातली जी घरं राहिली ती पण त्याच कॅलेंडरवर रविवार बघून टाका, एका रविवारी एकच घर. माझ्या मामांचं नाव आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतं, उपासना सुटली की मी तसंच त्यांच्याकडं जाते, मामी पोहे करून ठेवते.