भांडुपमधून ओतूरची मोटर चालवायची तर

मी लिफ्टचा मेकॅनिक. मुलुंडपासून सायनपर्यंतच्या बिल्डिंगी माझ्याकडे, वायरीतला करंट मोजणारा टाँग टेस्टर कायम बाईकच्या डिकीत. राहायला भांडुपला आणि शेत माळशेज घाट चढून गेल्यावर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे. सव्वादोन एकर, कांदा आणि थोडा टोमॅटो, विहिरीत पाच एचपीची सबमर्सिबल. नाना, म्हणजे माझे वडील, बहात्तरचे झालेत. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत उसाच्या कडेनं बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हणजे काय, हे जुन्नरकरांना सांगायला नको. आमच्या बांधावर बिबट्या दोनदा दिसलाय. म्हणून मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारा सिमचा डबा, बसवला, हौस म्हणून नाही.

तुमचा फीडर, म्हणजे शेताला वीज आणणारी लाइन, सौरवर गेला असेल तर मात्र घाई करू नका. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला निघाली, आणि ज्यांच्या फीडरला ती वीज मिळते त्यांना दिवसा पाणी भरता येतं. तिथे या डब्याची गरज निम्म्यानं कमी होते.

बाकीच्यांनी डबा घेण्याआधी सिमचं बघावं. स्वस्तातले बहुतेक डबे टूजीवर चालतात, आणि जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे घरातलं पडून असलेलं जिओचं सिम त्यात घालून काही होत नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला आणि विहिरीवर, जिथे स्टार्टरची पेटी बसणार नेमकं तिथे उभं राहून कॉल लावा. बांधावर रेंज आहे म्हणजे पेटीत असेलच असं नाही. आमची विहीर खोलगटात, शेवटी अँटेना वायरीनं वाढवून पाइपावर चढवावा लागला. सिमचा पिन लॉक काढून टाका. रिचार्ज संपला की इनकमिंगही बंद होतं आणि ते नेमकं लागणीच्या आठवड्यात होतं. डब्याला नेट लागत नाही, मग नेटचे पैसे कशाला भरायचे? ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक द्यायला लावले, त्यातला लांब मुदतीचा घ्या.

आणि डब्यात आपले नंबर नोंदवून बाकी सगळे बंद करा. आम्ही सुरुवातीला हे केलं नव्हतं. आमचा डबा आलेला कॉल स्वतःच उचलतो, 1 दाबलं की चालू, 2 ला बंद. कुठल्याशा कर्जवाल्यांचे फोन तो महिनाभर निमूटपणे उचलत होता. मोटरला पर्सनल लोन मंजूर झालं असतं तर कांद्याच्या भावापेक्षा बरं झालं असतं.

खरेदी कुठून? मला लोहार चाळ पाठ आहे, कॉन्टॅक्टर, रिले सगळं तिथूनच आणतो. तरी डबा मी तालुक्यातून घेतला, दोनेकशे रुपये जास्त देऊन. तो बंद पडेल तेव्हा नाना तो पिशवीत घालून लोहार चाळीत आणणार आहेत का?

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच एप्रिलमध्ये आमची मोटर जळाली. मी चेंबूरला एका लिफ्टच्या पिटमध्ये होतो, फोन वर बॅगेत. विहिरीतलं पाणी दीड तासात आटलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली. वायंडिंग भरून घ्यायला साडेचार हजार, वर मोटर काढायला-सोडायला दोन माणसांची मजुरी, आणि कांदा आठ दिवस तहानलेला. डब्यात ड्राय रनची, म्हणजे पाणी संपलं की मोटर थांबवायची, सोय होती, तरी हे झालं. रविवारी जाऊन पेटी उघडली तेव्हा कळलं. करंट मोजायला डब्याबरोबर सीटीची छोटी कडी येते, मोटरला जाणारी एक वायर तिच्यातून ओवायची असते. बसवणाऱ्यानं वायर कडीच्या बाजूनं नेली होती. डब्याला करंट शून्य दिसायचा, मग डबा पाणी नाही समजून मोटर लगेच बंद करायचा. या पठ्ठ्यानं कडी बघायची सोडून ड्राय रनच बंद करून टाकला आणि 'चालू झालं बघा' म्हणून पैसे घेऊन गेला.

तेव्हा बसवणारा माणूस हलायच्या आत हे करून घ्या. मोटर चालू करा, पाइपातून पूर्ण पाणी येऊ द्या, आणि टाँग टेस्टरनं तिन्ही फेजचे अँपिअर मोजा. आमचे साडेआठच्या आसपास, तिन्ही जवळजवळ सारखे. एक फेज फार वेगळा असेल तर आधी जोडण्या आणि डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज बघा. डब्याचा आकडा आणि टेस्टरचा आकडा जुळतो का ते पाहा. मग पाणी खाली गेलेलं असताना, मोटर हवा ओढायला लागली की, अर्धा मिनिट पुन्हा मोजा. आमचा करंट पाचवर उतरला. म्हणून ड्राय रन सहावर, ओव्हरलोड साडेदहावर आणि कमी व्होल्टेज 350 वर लावलं. हे आकडे माझ्या मोटरचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. विहिरीला पाणी भरायला जितका वेळ लागतो तितका परत चालू होण्याचा वेळ ठेवा, आमच्याकडे उन्हाळ्यात तीन तास.

फेज उलटं झालं तर थांबवणारा डबा मागा. डीपीवर काम झालं की कधीकधी दोन फेज अदलाबदल होतात, मोटर उलटी फिरते, आवाज येतो पण पाणी येतं चुळभर. लिफ्टमध्ये असंच झालं तर वर जाणारी लिफ्ट खाली येईल, म्हणून तिथे फेज तपासून थांबवणारा रिले असतोच. शेतात कुणी लावत नाही.

ऑटोवर ठेवू नका. लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं, पण एका डीपीवरच्या वीस मोटरी एकाच क्षणी उठल्या की व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो, प्रसंगी डीपी जळतो आणि मग आठवडाभर सगळेच कोरडे. महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा असं सांगतं ते यासाठीच. लाईट आल्याचा मेसेज मला येतो, मी पाच-सात मिनिटांनी फोन लावतो. अगदीच ऑटो हवं असेल तर निदान शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकानं डिले वेगळा लावा.

'मोटर बंद' असा मेसेज आला म्हणजे बंद झाली असं धरू नका. स्टार्टरचे पॉइंट चिकटले तर डबा बिचारा बंदचा हुकूम देऊन मोकळा होतो आणि मोटर चालूच राहते. बंद केल्यावर एकदा स्थिती विचारा, अँपिअर शून्य आले पाहिजेत. चिकटण्याचं कारण पुष्कळदा मुंग्या नाहीतर पाल. आमच्या पेटीत पॉइंटांच्या मध्ये भाजलेली पाल मी स्वतः काढलीय. केबल आत जाते ती भोकं सिमेंटनं किंवा एमसीलनं बुजवा, आत डांबराच्या दोन गोळ्या टाका.

ड्रीप नसेल तर दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, हा डबा निरुपयोगी आहे. वाफा फुटला तर मुंबईत बसून काय करणार? ड्रीप असली तरी उंदीर नळ्या कुरतडतातच, म्हणून मोटर लावली की दहा मिनिटांनी मी चुलतभावाला फोन करतो. पाणी टोकाच्या नळीपर्यंत पोचलं का, एवढंच विचारायचं.

आणि एक नियम आमच्या घरी भांडून ठरला. मागच्या वर्षी नाना पाइपाचा जोड आवळायला विहिरीत उतरले होते आणि इकडे मी विक्रोळीच्या सिग्नलला उभा राहून मोटर लावली. नशिबानं हात पाइपावर नव्हता. आता विहिरीकडे कुणीही गेलं की पेटीतले तिन्ही किटकॅट, म्हणजे ओढून निघणारे फ्यूज, काढून खिशात घालायचे, मगच खाली उतरायचं. फोनवर सांगितलंय एवढ्यावर विसंबायचं नाही, कारण सांगणारा विसरतो आणि ऐकणारा ट्रॅफिकमध्ये असतो. नाना आधी चिडले, म्हणाले, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून या विहिरीत उतरतोय. आता काढतात. संध्याकाळी आईच त्यांचा खिसा तपासते, कारण दोनदा किटकॅट धुण्यात गेलेत.