कोटोरला क्रूझ थांबणार असेल तर

मॉन्टेनेग्रोतलं कोटोर एवढंसं गाव आहे, धक्का जुन्या गावाच्या तटबंदीसमोरच आहे, त्यामुळे जहाजाची महागडी टूर घ्यायची खरंच गरज नाही. उतरल्या उतरल्या आधी किल्ला चढा, साधारण 1350 पायऱ्या आहेत, तिकीट लागतं, आणि उन्हाळ्यात उशीर केलात तर ऊन सोसत नाही, पण अर्ध्या वाटेवरच्या चर्चपर्यंत गेलात तरी खाली लाल कौलं आणि खाडी मस्त दिसते. मग बस नाहीतर टॅक्सीने पेरास्त या गावी जा, 12 किमीच आहे, तिथून छोट्या बोटीने समोरच्या बेटावरचं चर्च बघून या, ते बेट लोकांनी दगड आणि जुनी जहाजं बुडवून तयार केलंय, किल्ला एक वेळ राहूदे पण हे सोडू नका! परतीला भरपूर वेळ ठेवा, खाडीकाठचा रस्ता अरुंद आहे, सीझनला जाम लागतो. पैसे युरोच चालतात.

आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे बुकिंगआधीच बघा, मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) नाही, म्हणजे इटलीहून निघून कोटोर करून पुढे ग्रीस असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येता, म्हणून शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागायचा.