पाकिटाची मागची बाजूही दाखवा: चामडेकामातल्या या चुका टाळा

"पहिलंच पाकीट आहे, कसं झालंय सांगा," म्हणून येणारा फोटो हमखास पुढून काढलेला असतो. पुढून बहुतेकांची शिलाई बरीच दिसते. मागे पाहिलं तर टाके कुठे तिरके, कुठे आडवे आणि रेघ नागमोडी. मग दोष दोऱ्याला, आणि लगेच महागडा दोरा आणायची घाई. दोरा बिचारा निर्दोष असतो.

घोळ छिद्रांत असतो. नेहमीचं उदाहरण घ्या: कार्डांचं साधं पाकीट, दोन थर, 4 मिमी अंतराचा चिझल (छिद्रं पाडायचं दातेरी अवजार). दोन्ही थर वेगवेगळे टोचले आणि मग जुळवून शिवले. 10 सेंटीमीटरच्या कडेवर 25 छिद्रं येतात. दर छिद्रामागे 0.1 मिमी चुकलं तरी शेवटाला अडीच मिमीचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या टाक्याहून जास्त. तो ओढूनताणून मिटवला की कड सुरकुतते आणि पाकीट पिळवटतं. आता ते उसवून काही होत नाही. छिद्रं बुजत नाहीत.

थर आधी चिकटवा, मगच एकत्र टोचा. चिझल उभा आहे का ते ठोका मारण्याआधी बाजूने वाकून बघा. पुढच्या ठोक्याला पहिला दात आधीच्या शेवटच्या छिद्रात बसवा. जाडी 4 मिमीच्या वर गेली तर चिझल आरपार घालू नका. पुढून खुणा करा आणि एकेक छिद्र आरीने पाडा. वेळ लागतो. लागू द्या.

एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुयांनी शिवताना क्रम एकदा ठरवला की तो शेवटपर्यंत तोच. दुसरी सुई दर वेळी पहिल्या सुईच्या दोऱ्याच्या त्याच बाजूने जायला हवी. मधेच क्रम उलटला की टाक्याचा कल बदलतो. दुसऱ्या सुईने पहिला दोरा भोसकला जाऊ नये म्हणून तो किंचित मागे ओढून धरा. दोरा शिलाईच्या चौपट लांब घ्या. जाड कामाला त्याहून थोडा जास्त.

दुसरं दुखणं कडेचं. "तासभर घोटतोय, चकाकी येत नाही." येणारच नाही, कारण चामडं क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आहे! घोटून चमकते ती व्हेज-टॅनची, म्हणजे वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याची कड. क्रोम-टॅनला कडेचा रंग पातळ थरांत लावायचा, प्रत्येक थर वाळल्यावर हलकं घासायचं. व्हेज-टॅन असेल तर आधी शिलाई, मग कड घासून सपाट, मग बेव्हलरने (कडेचा कोपरा छिलणाऱ्या अवजाराने) कोर उतरवणं, 400 आणि 600 चा पॉलिश पेपर, रंग, आणि शेवटी थोडं पाणी किंवा डिंक लावून घोटणं. पाणी जास्त झालं की कड दबून दोन्हीकडे फुगते. पॉलिश पेपर वगळून थेट घोटणाऱ्यांना काय सांगावं? खडबडीतपणा तसाच राहतो, फक्त चकचकीत होतो.

बाकीचं थोडक्यात. काँटॅक्ट सिमेंट (चामडं चिकटवायचा गोंद) दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. गुळगुळीत बाजूवर चिकटवायचं असेल तर तेवढा भाग आधी खरवडा. ठसे उमटवायला चामडं ओलं केलं की लगेच ठोकू नका. मूळ रंग परतू लागला आणि हाताला गार लागलं की सुरू करा. ओल्या व्हेज-टॅनला लोखंड लागलं तर काळे डाग पडतात, म्हणून पाण्याला लोखंडी भांडं नको. पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापा. पोटाकडचं चामडं ताणतं. तेल एक पातळ हात पुरे.

आणि मदत मागताना "काय चुकलं?" एवढंच विचारू नका. चामड्याचा प्रकार, जाडी, दोरा, टाक्याचं अंतर सांगा. मागची बाजू आणि कड असे दोन फोटो द्या, तेही तिरप्या उजेडात. समोरून फ्लॅश मारला की नेमके दोषच पुसले जातात.