शेतात सापडलेल्या शिवराईवरचा हिरवा थर: माझा अनुभव

खानापूरकडच्या तांबड्या मातीत मेटल डिटेक्टरने मिळालेली तांब्याची शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं नाणं. मातीचं कवच इतकं घट्ट की एकही अक्षर दिसेना. चिंच-मिठाने दुसरं एक नाणं गुलाबी पडलं, वर बारीक खड्डे आले; आम्ल मूळ थर खातं आणि मिठातला क्लोराईड गंज वाढवतो. लिंबू, पितांबरी तेच. जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी जमलं ते असं. काचेच्या बरणीत डिस्टिल्ड वॉटर (गॅरेजात बॅटरीसाठी मिळतं ते, पण ॲसिड नव्हे) घेऊन नाणं बुडवायचं, पाणी रोज बदलायचं. माती मऊ झाली की नाणं ओलं असतानाच, भिंगाखाली, बांबूच्या टोकदार काडीने कडेकडून आत यायचं. आधी ठिपक्यांची कड उघडली, मग ‘श्री राजा शिव’. खालचा गुळगुळीत गडद हिरवा थर मुळीच खरवडू नका, अक्षरं त्यातच टिकलेली असतात. मग ॲसिटोनमध्ये बुडवून (खिडकी उघडी, गॅस बंद) पूर्ण सुकवायचं आणि मायक्रोक्रिस्टलाईन मेणाचा (पेट्रोलियमपासून बनणारं, जपणुकीसाठी वापरतात ते मेण) पातळ हात द्यायचा.

नंतर नाण्यावर फिकट हिरवी भुकटी (क्लोराईडचा गंज) सुटली, तर ते नाणं लगेच इतरांपासून वेगळं ठेवा. आणि जमिनीत पुरलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला, तर 1878च्या ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह’ कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. ते साफसफाईच्या आधी.