वास आला म्हणून औषध सोडू नका : नाकातल्या पॉलिपबाबत या चुका टाळा

मोहरी तडतडली, हिंग पडला, पण वास काहीच नाही. फोडणी करपली तेही धूर दिसला म्हणून कळलं. नाकात पॉलिप असलेल्यांना हे नवीन नाही. ‘नाकात मांस वाढलंय’ असं आपण म्हणतो, पण ते असतात सुजलेल्या अस्तराचे मऊ, द्राक्षासारखे लोंबणारे फुगवटे. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पार वरच्या अरुंद फटीत असतात. पॉलिपमुळे तिथवर हवा पोचत नाही. शिवाय सूज त्या पेशींनाही बाधते.

म्हणूनच स्टेरॉईडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स जादू वाटतो. काही दिवसांतच सकाळच्या चहाचा वास येतो, डोळ्यांत पाणी उभं राहतं, आणि नाकात रोज मारायचा स्टेरॉईडचा स्प्रे कपाटात जातो. सगळ्यात मोठी चूक हीच. सूज उतरली, आजार गेलेला नाही. काही आठवड्यांत वास पुन्हा जातो, मग जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या आणल्या जातात. कृपा करून असं करू नका. वारंवार घेतल्या तर साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. गोळ्यांनी उतरलेली सूज पुन्हा चढू न देणं हे रोजच्या स्प्रेचं काम, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे जातात.

स्प्रे मारायची पद्धतही बहुतेकांची चुकते. मान मागे टाकून, जोरात हुंगून मारला की औषध घशात. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा (पाणी उकळून गार केलेलंच). मग मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे. श्वास हलकाच घ्या. पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं.

नाक मोकळं करणारे थेंब वेगळे. आठवडाभराहून जास्त वापरले तर नाक आणखी चोंदतं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं की अनेकांचा वास सुधारतो, पण पॉलिप पुन्हा येऊ शकतात. स्प्रे आणि नाक धुणं तेव्हाही चालूच ठेवायचं. ड्युपिलुमॅब या सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसाठी मान्यता मिळाली. वासावर त्याचा गुण चांगला येतो, मात्र ते महाग आहे आणि बंद केल्यावर त्रास परतू शकतो.

वास परतला का, हे कापूर किंवा बाम हुंगून तपासू नका. तो झणका चेहऱ्याच्या संवेदनेची नस टिपते, वास गेलेल्यालाही तो जाणवतो. कॉफी, भाजलेले जिरे, मोगरा घ्या. डोळे मिटून ओळखा, आठवड्याला वहीत लिहा. वास मंदावू लागला तर सूज परत चढत असावी, डॉक्टरांना लवकर दाखवा. त्रास एकाच नाकपुडीत असेल किंवा रक्त येत असेल तर थांबूच नका. दमा असून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने धाप लागत असेल तर तेही आवर्जून सांगा.

तोवर गॅस गळतीचा अलार्म बसवा आणि रात्री रेग्युलेटर बंद करा. सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेला तो उग्र वास तुमच्यापर्यंत पोचणार नाही.